आईचा पाय आणि माझे शिक्के

१० सप्टेंबर, मंगळवार

आज आईला इस्पितळातून नर्सिंग होममध्ये हलवलं. खुब्याचं ऑपरेशन छान झालं म्हणतात. आता तिथे तिला पुन्हा चालायला शिकवणार, आणि चालायला लागली की घरी पाठवणार.

या वहीत मी आईच्या गोळ्या लिहायचे. सकाळच्या, दुपारच्या, रक्तदाब, पोट साफ झालं की नाही. आता ते सगळं तिथल्या नर्स लिहितात. वही उरली, म्हणून स्वतःबद्दल लिहिते आहे. पोटाचं लिहिणार नाही.

आई पडली तेव्हा मी घरात नव्हते. कोपऱ्यावरच्या बेकरीत पाव आणायला गेले होते आणि तिथे शेजारच्या मिसेस डुडेकशी बोलत उभी राहिले. आई मागच्या पायऱ्यांवर पडून होती आणि मी हसत होते. मी पावासाठी गेले होते एवढंच सगळ्यांना माहीत आहे. हसत होते हे कुणाला सांगितलेलं नाही.

आज सकाळी कुणी हाक मारून उठवलं नाही. अंथरुणात पडल्या पडल्या फार बरं वाटलं. मग का बरं वाटतंय ते लक्षात आलं आणि ताडकन उठले.

१२ सप्टेंबर, गुरुवार

इन्शुरन्सचा एक कागद द्यायला शहरात गेले होते. काम लगेच झालं. तिथून नर्सिंग होमला जायचं होतं, पण आधी बाथरूमला जावं म्हणून स्वातंत्र्य सभागृहासमोरच्या त्या मोठ्या पर्यटक केंद्रात शिरले. जन्म फिलाडेल्फियात गेला, पण त्या इमारतीत पहिल्यांदाच पाय ठेवला. स्वातंत्र्याची ती तडा गेलेली घंटा पाहिली होती ती शाळेत असताना, तीही वर्गाच्या नन सिस्टर आग्नेसच्या पाठीमागून.

बाहेर येताना एका टेबलाशी एक म्हातारं जोडपं छोट्या निळ्या पुस्तकात शिक्के मारत होतं. बायको नवऱ्यावर खेकसत होती, ''सरळ धर! ओहायोपासून वाकडे मारतोयस!'' मी बघत उभी राहिले. तिथल्या रेंजरबाईंनी समजावलं. राष्ट्रीय उद्यान खात्याच्या प्रत्येक ऐतिहासिक जागी असा शिक्का असतो. त्यावर जागेचं नाव आणि त्या दिवसाची तारीख. नुसत्या या जुन्या शहरातच केवढे तरी आहेत. पुस्तकाचं नाव पासपोर्ट.

''तुम्ही कुठून आलात?'' त्यांनी विचारलं.

''पोर्ट रिचमंडहून,'' मी म्हटलं. म्हणजे बसनं इथून अर्ध्या तासावर.

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, ''मग तुम्हाला तर सगळंच बघायचं राहिलंय.''

मी पासपोर्ट घेतला. पहिला शिक्का उलटा पडला. डोक्यावर उभा असलेला शिक्का बघून मी एवढी हसले की ती ओहायोची बाईही हसायला लागली. मग घंटा पाहिली, मग बाजूचं जुनं बँकेचं घर बाहेरून पाहिलं, मग बाकावर बसून मोहरी लावलेला प्रेट्झेल, म्हणजे इथला पीळ घातलेला खारा पाव, खाल्ला. आईकडे पोचायला संध्याकाळ झाली.

''एवढा उशीर?'' आईनं विचारलं.

''चर्चमध्ये होते. बाकं पुसायची होती.''

आई म्हणाली, ''देव तुझं भलं करो.'' देवाचं नाव घेऊन खोटं बोलले, आणि आशीर्वादही घेऊन आले.

१४ सप्टेंबर, शनिवार

या शहरातली काही जुनी घरं फक्त शनिवार-रविवारी उघडतात. त्यातली दोन पाहिली. एका घरात एक विधवा राहायची. पिवळ्या तापाच्या साथीत तिचा नवरा आणि तान्हं मूल एकाच दिवशी गेलं. नंतर ती राष्ट्राध्यक्षाची बायको झाली आणि मोठमोठ्या मेजवान्या देऊ लागली. आमच्या फेरीतली एक बाई म्हणाली, ''बरं झालं बिचारीचं.'' मला वाटलं, पहिल्या मेजवानीत तिला घास कसा गिळवला असेल?

शिक्के दोन्ही सरळ पडले.

आईच्या ओठांना लाल लिपस्टिक होती. तिथल्या पोरी म्हाताऱ्यांना बाहुल्यांसारखं नटवतात, ते मला मुळीच आवडलं नाही. मी रुमालानं पुसायला गेले तर आईनं माझा हात झटकला. ''राहू दे. कोरडे पडतात ओठ.''

तिच्या टेबलावर लू कार्दोने नावाचे एक गृहस्थ जेवतात. दक्षिण फिलाडेल्फियाचे, नवव्या रस्त्यावरच्या बाजारात जन्मभर मासळी विकली. त्यांची ओळख करून देताना आई म्हणाली, ''हा पत्त्यांत लबाडी करतो. इटालियन आहे.''

लू म्हणाले, ''आणि ही पकडते. पोलिश आहे.''

असल्या माणसाबरोबर तिला दिवसभर बसावं लागतंय. आणि मी विधवांची घरं बघत फिरतेय.

१८ सप्टेंबर, बुधवार

व्यायाम शिकवणारा मुलगा डार्नेल आज मला बाजूला घेऊन म्हणाला, ''मिस बर्नी, तुमची आई कमाल आहे. सकाळी वॉकर घेऊन सबंध कॉरिडॉर चालते, वर मलाच म्हणते, भरभर चल.''

मी म्हटलं, ''माझ्यासमोर तर दारापर्यंतही जाववत नाही.''

''हो, तुम्ही यायच्या वेळी जरा...'' तो थांबला. ''दमत असतील.''

खरंच. मी गेले की आई पलंगावर आडवी असते. उठवलं तर ''आई गं!'' करून खुबा धरते. सकाळी चालून चालून तिची सगळी ताकद संपत असणार. मी सकाळी गेले असते तर तिची चालतानाची उमेद बघायला मिळाली असती. पण सकाळी मी कुठे असते? कोरीव खांबांपुढे तोंड उघडं टाकून.

आज निघताना म्हणाली, ''उद्या येऊ नकोस. पाऊस आहे.'' पावसाचा अंदाज नव्हता. रागावली आहे.

२१ सप्टेंबर, शनिवार

आज जे झालं ते मला लिहून काढायलाच हवं.

सभागृहाच्या आतल्या फेरीचं तिकीट काढलं होतं. आत फोन बंद ठेवायला सांगतात, म्हणून ठेवला. रेंजर स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावरच्या सह्यांबद्दल बोलत होता, हिरव्या कापडाची टेबलं, दौती, पिसं. माझ्या मनात काहीसुद्धा नव्हतं. आईही नव्हती. बाहेर येऊन शिक्का मारला, बागेत सावली शोधली, आणि मग केव्हातरी फोन सुरू केला. नर्सिंग होमचे फोन येऊन गेले होते. एकावर एक.

आईला चक्कर येऊन ती जवळजवळ पडली होती. कुणीतरी सावरलं.

टॅक्सी करून गेले. आई खुर्चीत होती, गाल लाल, केस विस्कटलेले. मला बघताच डोळे मिटून घेतले.

''आई, काय झालं?''

''पाणी प्यायला उठले.''

''घंटी का नाही वाजवलीस?''

''पाण्यासाठी घंटी कसली वाजवायची?''

लू शेजारीच होते. तेही घामानं ओलेचिंब, टाय सुटलेला. म्हणाले, ''मी पकडलं तिला. काही झालं नाही.'' बिचारे, पळत आले असणार. मी त्यांचा हात धरून आभार मानले तर त्यांनी मान खाली घातली. पत्त्यांत लबाडी करत असतील, पण भले गृहस्थ आहेत.

डार्नेल म्हणाला, ''शनिवारी दुपारी वाद्यवृंद येतो ना, सगळे इकडेतिकडे होतात, लक्ष ठेवणं अवघड जातं.''  लक्ष ठेवायचं काम त्याचं नव्हे, माझं.

निघताना आई म्हणाली, ''हात धू.'' बघितलं तर बोटांना निळी शाई. मी म्हटलं पेन फुटलं.

घरी येऊन पासपोर्ट कपाटात सगळ्यात वर, ख्रिसमसच्या सजावटीच्या खोक्यामागे टाकला. पुरे झालं.

२२ सप्टेंबर, रविवार

टॅम्पाहून जीनचा फोन. माझा भाऊ, वर्षातून दोनदा येतो आणि दोन्ही वेळा आईला मासे खायला घालून जातो, म्हणून तो लाडका.

''तुझा फोन लागत नव्हता काल,'' तो म्हणाला. ''मजा चाललीय वाटतं तुझी?''

मी म्हटलं, ''हो, रोज नाचते.''

''चेष्टा नको, बर्नी. आईला घरी कधी आणतेस? तिला तिथे मुळीच करमत नसणार.''

''लवकरच.''

''लवकर म्हणजे?''

मी फोन ठेवला. मग पुन्हा लावून माफी मागितली. हे नेहमीचंच.

२६ सप्टेंबर, गुरुवार

गेले तीन दिवस सकाळी-संध्याकाळी दोन्ही वेळा आईकडे गेले. लापशी भरवली. शाल गुंडाळली. पत्त्यांच्या वेळी मागे बसून राहिले, तिला एकटं वाटू नये म्हणून. आई एकही डाव जिंकली नाही. लू नुसते ''पास, पास'' म्हणत होते. शेवटी आई पत्ते टाकून म्हणाली, ''बर्नाडेट, तुला घर नाही का?''

तिला घराची आठवण येते आहे. एवढ्या रागानं ती 'घर' म्हणाली की मी लगेच तयारीला लागले.

बाथरूममध्ये धरायच्या दांड्या बसवून घेतल्या. जेवणाचं टेबल मिसेस डुडेकच्या मुलानं तळघरात नेलं, त्याच्या जागी जेवणाच्या खोलीत आता आईचा पलंग. खिडकीतून रस्ता दिसेल असा लावलाय. सगळं झाल्यावर मी पलंगाच्या कडेला बसले. मला आनंद व्हायला हवा होता.

१ ऑक्टोबर, मंगळवार

परवा बैठक आहे. ग्लेंडा नावाच्या समाजसेविका आहेत, त्या ठरवतील. आज फोनवर त्यांनी विचारलं, ''घरी सगळी तयारी झाली ना?''

मी म्हटलं, ''झालीय. फक्त पुढच्या दाराला पायऱ्या आहेत.''

''किती?''

''खूप,'' मी म्हटलं.

पुढच्या दाराला तीन पायऱ्या आहेत. फोन ठेवल्यावर मी बाहेर जाऊन त्या धुतल्या.

३ ऑक्टोबर, गुरुवार

बैठक झाली. 

आम्ही चौघं होतो. मी, आई, ग्लेंडा, डार्नेल. ग्लेंडा म्हणाल्या, ''मिसेस गोर्स्की, आनंदाची बातमी. तुम्ही शनिवारी घरी जाऊ शकता.''

आई म्हणाली, ''मला जायचं नाही.''

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ग्लेंडांनी समोरचे कागद पुन्हा चाळले. मग समजूत घातल्यासारखं म्हणाल्या की डॉक्टरांच्या मते प्रगती उत्तम आहे, घर सोयीचं आहे, सांभाळायला मुलगी आहे. अशा वेळी इथे कायमचं राहायचं तर कागदावर तसंच कारण लागतं.

''कसलं कारण?'' आईनं विचारलं.

''म्हणजे, घरी तुमची आबाळ होत असेल. किंवा तिथे तुम्हाला सुरक्षित वाटत नसेल.''

आईनं खिडकीकडे बघितलं. मग म्हणाली, ''नाही वाटत.''

ग्लेंडांनी पेन खाली ठेवलं.

''आई!'' मी म्हटलं.

''मला हिच्याबरोबर सुरक्षित वाटत नाही. ही दिवसभर मला टीव्हीसारखी बघत बसते. आणि मी पडले तेव्हा नव्हती.''

ग्लेंडांचा आवाज बदलला. माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, ''बर्नाडेट, तुम्ही आईला घरी एकटं सोडता का?''

मी सांगू शकले असते. पावासाठी गेले होते, एवढी वर्षं सुट्टी नाही, एक रात्र बाहेर नाही. जीन असता तर ओरडला असता. पण मला ती बेकरी दिसत होती, आणि माझं हसणं ऐकू येत होतं, आणि सभागृहाच्या बागेतली सावली. मी म्हटलं, ''हो. सोडते. माझ्याच्यानं होत नाही.''

आईनं झटकन माझ्याकडे पाहिलं. एवढा दचकलेला चेहरा मी तिचा कधी पाहिला नव्हता. तोंड उघडलं, पण ग्लेंडा लिहायला लागल्या होत्या, आणि आईनं तोंड मिटलं.

वरच्या मजल्यावर खोली रिकामी आहे. कायम राहणारे लोक तिथे असतात. आई म्हणाली, ''वर उजेड चांगला आहे.'' तिला कसं ठाऊक, देव जाणे.

बाहेर डार्नेल मला म्हणाला, ''मिस बर्नी, हे फार मनावर घेऊ नका. कधी कधी माणसं म्हणतात एक आणि...'' मी त्याला बोलू दिलं नाही. चांगला मुलगा आहे, पण कीव नको होती.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

जीन फोनवर ओरडला. मी आईला घराबाहेर काढलं म्हणाला. मी म्हटलं, हो. 

त्याला काय सांगू की मला जे हवं होतं तेच झालंय? त्या पायऱ्या 'खूप' म्हणताना मला हेच हवं होतं. आईनं ओळखलं असणार. माझ्या चेहऱ्यावर तिला दिसलं असणार, की ही मला नको म्हणतेय, आणि ती आपणच उठून बाजूला झाली. आईला आपल्या घरात आपण जड झालो असं वाटायला लावणारी मुलगी. हे मी कुठे ठेवू?

पलंग अजून जेवणाच्या खोलीतच आहे. मी स्वयंपाकघरात उभ्यानं जेवते.

९ ऑक्टोबर, बुधवार

वरच्या खोलीत आईची शाल, उशाचा दिवा, बाबांचा फोटो नेऊन दिला. फोटो कुठे लावू विचारलं, तर म्हणाली, ''आत. कपाटात.'' बाबा जाऊन वीस वर्षं होतील आता. तिला अजून त्यांच्याकडे बघवत नाही.

आम्ही बैठकीबद्दल बोललो नाही. तिनं माझ्या कोटाचं बटण शिवून दिलं. सुई तिनंच ओवली, एका झटक्यात. घरी मला ओवायला लावायची.

जाताना म्हणाली, ''शनिवारी येऊ नकोस. मला काम आहे.''

नर्सिंग होममध्ये काम! मी तिच्या गालाचा पापा घेतला आणि जिन्यात रडले.

१२ ऑक्टोबर, शनिवार

मी गेले. नको म्हणाली म्हणूनच गेले. आई नको म्हणाली आणि मुलगी खरंच गेली नाही, एवढं तरी माझ्या नावावर नको, म्हणून. बेकरीतून खसखस भरलेली गोड पावाची गुंडाळी घेतली, तिला आवडते ती.

वर तिची खोली रिकामी. वॉकर पलंगाशी उभा. वॉकर इथे आणि आई नाही!  मी धावत खाली आले. जेवणाच्या दालनातून अकॉर्डियन ऐकू येत होता. दाराला काच आहे. काचेतून बघितलं.

आई नाचत होती.

लू कार्दोनेंचा एक हात तिच्या कमरेवर होता आणि ती त्यांना रेटत होती, चक्क रेटत, कारण ते चुकत होते. पोल्का होता, भरभर पावलांचा नाच. निळा झगा, लाल ओठ. डावा पाय जरासा ओढत होती, पण तालात. डार्नेल दोन पावलांवर हात पसरून उभा होता. आई त्याला ''बाजूला हो रे'' म्हणत असावी, कारण तो हसत होता. माझ्या आईला नाचताना मी शेवटचं जीनच्या लग्नात पाहिलं होतं.

पहिली गोष्ट मनात आली ती ही की ती पडेल. दुसरी ही की एवढी वर्षं घरात, त्या खिडकीशी, मी समोर बसून तिला सांभाळत होते आणि ती ''आई गं'' करत होती, आणि मी विचारलंसुद्धा नव्हतं कधी, तुला कुठे जायचंय का? मी नेलं असतं. मला जायला जागा नव्हती म्हणून तिलाही नाही असं मी धरून चालले होते. तिसरी गोष्ट रागाची होती, ती लिहीत नाही. 'सुरक्षित वाटत नाही' म्हणाली होती माझ्या तोंडावर.

गाणं संपलं. लोक टाळ्या वाजवायला लागले. आई वळली आणि तिला काचेत मी दिसले.

ती मटकन जवळच्या खुर्चीत बसली. खुबा धरला. डोळे मिटले. ''आई गं,'' ओठांवरून कळलं मला. लू गोंधळून तिच्याकडे बघत होते, मग दाराकडे बघितलं, आणि तेही आपला गुडघा चोळायला लागले. त्यांच्या गुडघ्याला काहीही झालेलं नाही.

मी आत गेले.

''दुखतंय?'' मी विचारलं.

''फार,'' आई म्हणाली. तिला धाप लागली होती. एक डोळा उघडून तिनं माझ्याकडे बघितलं. लहानपणी चोरून साखर खाताना मी तिच्याकडे बघायचे ना, तशी.

माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. पण म्हणाले, ''मग आराम कर. उद्या मी नाही येत.''

''सोमवारी ये,'' आई लगेच म्हणाली. मग जरा सावरून, ''तुला जमलं तर.''

मी गुंडाळी तिच्या मांडीवर ठेवली. लूंनी ताबडतोब पुडक्यात नाक घातलं. आईनं त्यांच्या हातावर चापट मारली आणि मला म्हणाली, ''तू आज इथे कशी? शनिवार आहे.''

''चर्चमध्ये काम नव्हतं.''

''चर्चमध्ये.'' आईनं खसखस बोटावरून झटकली. ''तुझ्या पिशवीतून एक पत्रक पडलं होतं, मी वाचलंय ते. घरांचं. मला वाटलं कुणी माणूस भेटला तुला, तर तू आपली घरं बघत हिंडतेयस. जर्मनटाउनचं ते, राष्ट्राध्यक्ष उन्हाळ्यात राहायचे ते, झालं का बघून?''

''नाही.''

''चारला बंद होतं. जा.''

मी उभीच राहिले.  तेवढ्यात अकॉर्डियन पुन्हा सुरू झाला, आणि आईचा चांगला पाय खुर्चीखाली ठेका धरायला लागला. तिनं तो दुसऱ्या पायानं दाबून धरला आणि माझ्याकडे बघत राहिली. मी इथे असेपर्यंत तिला बसून राहावं लागणार होतं.

म्हणून मी निघाले. घरी जाऊन पासपोर्ट काढायला वेळ नव्हता. थेट बस पकडली. रस्ताभर मला वाईट वाटत होतं. वाटायला हवं तेवढं वाटत नव्हतं, त्याचंही वाईट वाटत होतं. जर्मनटाउनला उतरल्यावर धावले, या वयात, कोट उघडा टाकून.

रेंजर दाराला कडी घालत होता. माझ्याकडे बघून म्हणाला, ''या, पण पटकन.''

पुस्तक जवळ नव्हतं. त्यानं एक कोरा कागद दिला, आणि मी त्यावर शिक्का मारला.